डावीकडून चौथी

“आधी आडनाव आणि मग नाव? पोलीस चौकीत लिहून घेतात तसं?” कलावतीकाकूंनी विचारलं.

“तसंच समजा. एचेवेरिया हे आडनाव आणि एलेगन्स हे नाव.”

काकूंनी ते वहीत देवनागरीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि चष्म्यावरून त्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या निळसर झाडाकडे पाहिलं. “भारदस्त आहे की. आमच्या बिराजदार आडनावापेक्षा जड. आणि ही पलीकडची फुगलेल्या बोटांची?”

“सेडम.”

“हिचं बरंय. लहानपणी हाक मारायला सोपं.”

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नवऱ्याची बदली सोलापूरला झाली आणि आम्ही काकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. काकू विधवा, वय अडुसष्ट, एकुलता मुलगा पुण्यात. मी चिपळूणची. आमच्याकडे काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, त्यामुळे झाडांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. सोलापूरच्या उन्हाने महिन्याभरात तो समज आणि माझा मोगरा दोन्ही करपवून टाकले. मग मी जाड पानांच्या झाडांकडे वळले. पानात पाणी साठवून ठेवणारी, दुर्लक्ष केलं तर खूश राहणारी झाडं. एक आणलं, मग तीन आणली, मग मी शहरातल्या बागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरले आणि त्यानंतर माझं काही खरं नव्हतं.

मला झाडांपेक्षा नावांचं वेड जास्त लागलं होतं, हे आता कबूल करते. लॅटिन नाव तोंडातून निघालं की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं कापून मी पट्ट्या केल्या होत्या. त्यावर नावं लिहून कुंडीत खोचली की जीव शांत व्हायचा.

काकूंकडे माझ्या आधीपासूनच तिसेक कुंड्या होत्या. फुटके कप, तेलाचे डबे, एक जुना कुकर. त्यांची नावं ठेवायची पद्धत निराळी होती. ज्याने झाड दिलं त्याचं नाव त्या झाडाला. एक कोरफड ‘तलाठीण’ होती, एक जेड ‘दगडू गवंडी’ होती. दवाखान्यातल्या नर्सने दिलेलं एक काळपट हिरवं, पांढऱ्या पट्ट्यांचं झाड ‘सिस्टरबाई’ होतं आणि अगदी तसंच दिसणारं दुसरं ‘गिरिजा’. चिठ्ठी नाही, खूण नाही. काकू जागेवरून ओळखायच्या. “गिरिजा डावीकडून चौथी,” असं ठणकावून सांगायच्या. मी हसायचे, पण त्यांना नव्या नावांचीही हौस होती. दोनशे पानी वही त्यांनी त्यासाठीच घेतली होती.

एकच अडचण होती. गच्चीचा स्लॅब जुना होता, गळायचा. काकूंनी विटांवर दोन लांब फळ्या टाकून दिल्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. “याच्या वर एक कुंडी नको. नवी आणलीस की जुनी कुणाला तरी देऊन टाकायची.” माझी फळी तीन महिन्यांत भरली.

फेब्रुवारीत काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाकडे पुण्याला निघाल्या. रिक्षा दारात उभी होती. त्याच आठवड्यात ग्रुपची झाडांची देवाणघेवाण होती. मी घाईघाईने विचारलं, “काकू, आपल्या दोघींच्या मिळून जी डबल आहेत ती देऊ का?”

“दे की. विचारायलीस काय त्यात? डबल ठेवून काय लोणचं घालायचंय?”

रिक्षा गेली. मी गच्चीवर आले आणि कामाला लागले. नुसती डबल शोधून माझं समाधान झालं नाही. मी काकूंची अख्खी फळी उतरवली आणि कुंड्या आडनावांप्रमाणे लावल्या. कोरफडी एकीकडे, जेड एकीकडे. आल्यावर काकू खूश होतील, नावं पटापट पाठ होतील, असं माझ्या मनात होतं. गिरिजा आणि सिस्टरबाई या दोघींच्या कुंड्यांत मी एकाच नावाच्या पट्ट्या खोचल्या. हॉवर्थिया फॅसिआटा. दोन्हींना पांढरे आडवे पट्टे, दोन्ही टोकदार, पुस्तकातल्या फोटोसारख्या. दुपारपर्यंत त्यांतली कुठली कोण, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. त्यात काही बिघडलं असंही मला वाटलं नाही. एकच झाड होतं ना!

रविवारी हत्तुरे सरांच्या अंगणात देवाणघेवाण होती. सर शाळेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांच्याकडे लिथॉप्स होतं. दोन गारगोट्या चिकटून ठेवल्यासारखं दिसणारं, पण जिवंत. वर्षभर मला ते हवं होतं. मी दोन हॉवर्थियांपैकी भरगच्च वाढलेली निवडून नेली. सरांनी तिचं एक पान चिमटीत धरलं, आतल्या बाजूने अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं.

“नक्की द्यायची?”

“हो, डबल आहे आमच्याकडे.”

सरांनी लिथॉप्सची कुंडी मुकाट्याने माझ्या हातात दिली. मी उड्या मारतच घरी आले.

तीन आठवड्यांनी काकू परतल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, महिनाभर वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. तरी पहिल्याच संध्याकाळी कठड्याला धरून गच्चीवर आल्या. मी त्यांना खुर्ची दिली.

“अगं बाई, सगळी भावकी एकत्र बसवलीस की!” त्या खळखळून हसल्या. मग चष्म्याआडून मोजू लागल्या. “एक, दोन, तीन... ही कोरफड दिसायलीय. गिरिजा कुठंय?”

माझा हात उचलला गेला तो उरलेल्या कुंडीकडे. “ही काय.”

निम्मी शक्यता होती. मी स्वतःला तेच सांगितलं. सिस्टरबाईबद्दल त्यांनी विचारलंच नाही; डबल द्यायला त्यांनीच तर सांगितलं होतं.

“बरीय ना?”

“मजेत आहे.”

मग काकू आपणहून बोलल्या, इतके महिने जे बोलल्या नव्हत्या ते.

“गिरिजा माझी धाकटी बहीण. गुलबर्ग्याला असते. आई माझ्याकडे होती. ती गेली तेव्हा गिरिजाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. तिनं फोन केला, आई कशी आहे अक्का? आई समोर खोलीत निजवलेली होती गं. माणसं जमलेली. मी म्हणाले, बरी आहे, झोपलीय.” त्यांनी पदराने चष्म्याखालून डोळे टिपायला हात नेला आणि डॉक्टरांचं आठवून खाली घेतला. “आठ दिवसांनी सांगितलं. तिला आईच्या मातीला येता आलं नाही. म्हणाली, तू माझ्या भल्यासाठी खोटं बोललीस ना, मग तुझं खरं कधीच मला खरं वाटायचं नाही. अकरा वर्षं झाली. त्या आधीच्या उन्हाळ्यात तिनं हे झाड दिलं होतं. तिच्या दारातल्या झाडाचं पिल्लू. तेवढंच राहिलंय माझ्याजवळ.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की काकू, दोघींतली एक मी देऊन आले आणि कुठली दिली ते मला ठाऊक नाही. ‘सांगेन उद्या’ म्हणत मी त्यांना धरून जिना उतरवला.

चारच दिवसांनी गिरिजाचा फोन आला. अकरा वर्षांनंतर. डोळ्यांचं ऑपरेशन तिच्या कानावर गेलं होतं. काकूंनी मला खालून हाका मारमारून बोलावलं. त्या पलंगावर बसून हसत होत्या आणि रडतही होत्या.

“येतो म्हणाली! पाडव्याच्या आधी येतो, एक रात्र राहतो. आणि पहिलं काय विचारलं असेल? माझं झाड आहे का म्हणून! तिच्या दारातलं जळून गेलंय, एक पिल्लू दे म्हणाली. मी म्हटलं, आहे की, ये तू. तुझ्या हातानं काढून घे.”

पंधरा दिवस होते माझ्या हातात. हत्तुरे सरांचं घर सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. जाऊन विचारायचं, दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून बघायच्या. पण सरांकडून परत मागायचं म्हणजे आपण न कळता देऊन बसलो हे सांगणं आलं, आणि ग्रुपमध्ये मला जाणकार म्हणू लागले होते. शिवाय लिथॉप्स मी जास्त पाणी घालून कुजवलं होतं. मी मनाची समजूत घातली, की नाव एकच तर झाड एकच, कुणाला कळणार आहे? माझ्या लॅटिनने मला तिथे फार छान साथ दिली.

गिरिजामावशी आल्या त्या दिवशी काकूंनी पहाटे उठून हुग्गी केली होती, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर. मला जिन्यावरूनच वास आला. मावशी बहिणीपेक्षा उंच, कोरड्या अंगाच्या, कमी हसणाऱ्या. दोघी दारात एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग मावशींनी काकूंचा चष्मा हळूच काढून डोळे पाहिले आणि पुन्हा घातला.

“चला, आधी झाड बघू,” त्या म्हणाल्या.

मी चहाचे कप घेऊन मागोमाग गच्चीवर गेले. काकू खुर्चीत बसल्या. कुंडीकडे बोट केलं. “ती बघ तुझी लेक.”

मावशींनी पदर खोचला, खाली बसल्या, पिल्लू काढायला बुंध्यापाशी बोटं घातली. बोटं थांबली. त्यांनी एक पान चिमटीत धरलं आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला. मी हे आधी कुणाला तरी करताना पाहिलं होतं. कुणाला, तेही लगेच आठवलं. हत्तुरे सरांना.

“अक्का, ही माझी नव्हे.”

“तुझीच की गं. कोण बदलणार?”

“माझी आतनं गुळगुळीत होती. नुसत्या पाठीवर खरखर. ही दोन्हीकडनं खरखरीत आहे, हात लाव.”

“मला माती लावू नको म्हणालेत. अगं, इतकी वर्षं झाली. म्हातारपणी माणसं नाही का खरखरीत होत?” काकू हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

“वीस वर्षं धुतलीय मी ती पानं, अक्का. मला माझं झाड कळत नाही होय?”

“हर्षदा, तू सांग की हिला,” काकू माझ्याकडे वळल्या. “हिला सगळी नावं पाठ आहेत, गिरिजा. ही रोज बघते. सांग गं, हीच ना?”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. कप निवत होते. खरं सांगणारं एक वाक्य तयार होतं, पंधरा दिवस मी ते पाठच केलं होतं. आणि मी म्हणाले, “काकूंनी फार जपलंय हो तिला.”

ते खोटंही नव्हतं. म्हणूनच मी ते निवडलं असणार.

मावशी उठल्या. हाताची माती झाडली. आवाज चढवला नाही.

“मेलं असेल तर मेलं म्हणायचं, अक्का. झाडच होतं. मी काय तुला खाल्लं असतं? पण नाही. मेलेल्याच्या जागी दुसरं ठेवायचं आणि बरंय म्हणून सांगायचं. आईच्या वेळी तसंच, आताही तसंच. तुझी सवयच आहे ती.”

“गिरिजा, आईची शपथ, मी—”

“आईची शपथ घेऊ नको.”

त्या रात्रीच्या मुक्कामासाठी आणलेली पिशवी त्यांनी उघडलीच नाही. दुपारच्या गाडीने गेल्या. हुग्गीचं पातेलं ओट्यावर झाकलेलं तसंच राहिलं. संध्याकाळी काकूंनी त्यातली वाटीभर मला वर आणून दिली, डोळे अजून काळ्या चष्म्याआड असताना जिना चढून.

“हर्षदा, एक विचारू? तू लावताना काही इकडचं तिकडं झालं काय गं? झालं असलं तरी मी रागावणार नाही. मला फक्त तिला फोन करून सांगता येईल.”

याहून सोपं करून कुणी विचारू शकत नाही. दार त्यांनी उघडून धरलं होतं, मी फक्त आत जायचं होतं.

“नाही काकू,” मी म्हणाले. “काहीच झालं नाही.”

“मग तिचंच मन फिरलंय,” काकू म्हणाल्या. हळूहळू जिना उतरून गेल्या. मी ती खीर खाल्ली. फेकवेना म्हणून खाल्ली, आणि प्रत्येक घासाला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्तुरे सरांच्या दारात होते.

“मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे,” सर म्हणाले. “बाजारात फॅसिआटा म्हणून विकतात ती जवळजवळ सगळी अटेन्युआटा. आतून-बाहेरून खडबडीत. खरी फॅसिआटा आतून गुळगुळीत असते. क्वचित बघायला मिळते. म्हणून तर मी विचारलं, नक्की द्यायची का.” त्यांनी कुंडी आणून दिली. लिथॉप्सबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत रस्त्यात दोनदा सायकल उभी केली आणि रडले.

काय करायचं ते मी ठरवलं होतं. कुंडी काकूंच्या पुढ्यात ठेवायची, पाय धरायचे आणि त्यांच्याच फोनवरून मावशींना सगळं सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पण काकू ओसरीतच बसल्या होत्या, शेजारच्या बाईंना सांगत होत्या, “काल एवढं झालं, ही पोरगी होती म्हणून. हिनं तरी माझी बाजू राखली.” मला पाहून त्यांचं तोंड उजळलं.

“नवी आणलीस? आण बघू. काय म्हणायचं हिला?”

माझ्या घशातून जे बाहेर पडलं ते नाव होतं. “हॉवर्थिया फॅसिआटा.”

“म्हणजे आपल्या गिरिजाचंच नाव की.”

“नाही. ते मी चुकीचं लिहिलं होतं. ती अटेन्युआटा. ही खरी फॅसिआटा.”

काकूंनी वही मागवली. काळ्या चष्म्यातून, कागद नाकाशी नेऊन, जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं. “आणि कुणी दिली?”

“मीच... मीच आणली.”

“मग ही हर्षदा,” काकू म्हणाल्या, आणि ती कुंडी मी त्यांच्या सांगण्यावरून वर नेऊन त्यांच्या फळीवर ठेवली.

दीड वर्षं मी तिला पाणी घालत राहिले. काकू डोळे बरे झाल्यावर तिची पानं पुसायच्या, तिला माझ्या नावाने हाक मारायच्या आणि शेजारच्या खरखरीत कुंडीला गिरिजा म्हणून तिच्यावर रागवायच्या. आमची बदली झाली. पाच वर्षांनी काकू गेल्या. दोघी बहिणी त्या दिवसानंतर एकदाही बोलल्या नव्हत्या, हे मला काकूंच्या मुलाने सांगितलं. मावशी मातीला आल्या होत्या, असंही तो म्हणाला.

मागच्या महिन्यात त्याच्याकडून नंबर घेऊन मी गुलबर्ग्याला फोन लावला. मावशी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आवाज तोच, कोरडा. मी कोण ते सांगायला वेळ लागला. मग सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. काकूंनी जिना चढून येऊन विचारलं होतं, तेही सांगितलं.

“म्हणजे अक्का खरं बोलत होती,” त्या म्हणाल्या.

“हो, मावशी.”

“तिला कळलं का शेवटपर्यंत?”

“नाही. मी नाही सांगितलं.”



“तिला उचलायच्या आधी मी तिच्या कानाशी तोंड नेलं होतं,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, अक्का, खोटं बोललीस ते सगळं मी माफ केलं तुला. मी माफ केलं! सगळ्यांनी ऐकलं ते.”

“मावशी, चूक माझी होती. तुमची नाही.”

“तू मला सांगितलंस. आता मी कुणाला सांगू?”

त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही.